संगणकांचे जाळे आणि आपला पदवीधर

शासकीय कचेरीत गेलेल्या नागरिकाला पूर्वी 'साहेब जागेवर नाहीत' हे वाक्य हमखास ऐकावे लागे. गेल्या काही वर्षांत त्याची जागा दुसऱ्या एका वाक्याने घेतली आहे. बँकेत, तहसील कचेरीत, पोस्टात, महाविद्यालयाच्या कार्यालयात, कोठेही जा. खिडकीपलीकडून शांतपणे उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे.' साहेब जागेवर नसले तर ते कोठे गेले आणि केव्हा येतील, एवढे तरी शिपायास विचारता येत असे. या नव्या वाक्यापुढे मात्र प्रश्नच खुंटतो. हा सर्व्हर कोठे असतो, तो खरोखर बंद आहे की वाटेतच कोठे खोळंबा झाला आहे, हे सांगणाऱ्यासही ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यासही. बहुधा दोघेही पदवीधर असतात.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत त्या दिवशी संपत होती. प्रयोगशाळेतील वीस संगणकांसमोर मुलामुलींची रांग लागली होती. सकाळी अकराच्या सुमारास शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. 'सर्व्हर डाऊन' असा निकाल कार्यालयाने दिला, आम्ही प्राध्यापकांनी तो मान्य केला आणि रांग जागच्या जागी बसून राहिली. दोघातिघा मुलांच्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडत होते. पण 'मोबाइलचे नेट वेगळे असते' असे म्हणून आम्ही ती गोष्ट सोडून दिली. दुपारी तीनला बाहेरगावची मुले परतीच्या एसटीसाठी उठून गेली. त्यांत कला शाखेच्या द्वितीय वर्षाची एक मुलगी होती. सोबत वडील होते, त्या दिवसाचा रोज बुडवून आलेले.

चारच्या सुमारास विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी सहज डोकावला. त्याने तीन गोष्टी पाहिल्या. प्रयोगशाळेतील यंत्र महाविद्यालयाच्या राऊटरपर्यंत पोहोचते का? पोहोचत होते. बाहेरच्या जगातील एखादा आकडी पत्ता प्रतिसाद देतो का? देत होता. मग संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता मिळतो का? तो मात्र मिळत नव्हता. बिघाड शिष्यवृत्तीच्या सर्व्हरमध्ये नव्हताच. नावावरून पत्ता सांगणारी जी सेवा आमची यंत्रे वापरीत होती, तेवढी बंद पडली होती. त्याने दुसऱ्या सेवेचा पत्ता घातला आणि दहा मिनिटांत अर्ज सुरू झाले. मोबाइलवर उघडणारे संकेतस्थळ हा आमच्या हाती असलेला धडधडीत पुरावा होता. तो पुरावा आहे हे ओळखण्याइतके ज्ञान आम्हा दहा-बारा उच्चशिक्षितांपाशी नव्हते. पुढे मुदत वाढली म्हणून त्या मुलीचा अर्ज भरला गेला. पण तिच्या वडिलांचा आणखी एक रोज बुडाला. तो आमच्या अज्ञानाच्या खाती लिहिला पाहिजे.

त्यानंतरच्या सत्रात प्रस्तुत लेखक संगणकशास्त्राच्या सहकाऱ्याची परवानगी घेऊन पदवी वर्गाच्या 'संगणक नेटवर्क' या तासाला मागच्या बाकावर बसला. त्या अनुभवातून दोन मते बनली. पहिले असे की या विषयाची मूलतत्त्वे केवळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती ठेवणे परवडणारे नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या प्रत्येक पदवीधराला ती आली पाहिजेत. दुसरे असे की ती आज ज्या पद्धतीने शिकविली जातात, त्या पद्धतीने ती संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही नीट येत नाहीत.

चार मूलतत्त्वे

मूलतत्त्वे म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. ती संख्येने थोडी आहेत आणि टपालखाते पाहिलेल्या कोणासही समजण्यासारखी आहेत.

पहिले तत्त्व वाटून वापरण्याचे. टेलिफोनच्या जुन्या व्यवस्थेत मुंबईचा माणूस पुण्याच्या माणसाशी बोलत असताना दोन टोकांमधील एक वाट त्या दोघांसाठी राखून ठेवली जाई. दोघे गप्प बसले तरी वाट अडलेलीच. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनल्ड डेव्हिस या दोघांनी, एकमेकांच्या नकळत, निराळा मार्ग सुचविला. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि तो सामाईक वाटेवर सोडून द्यावा. डेव्हिस यांनी या तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिले. आपल्याला 'पाकीट' म्हणण्यास हरकत नाही. कल्पना हुबेहूब तीच आहे. एकाचे पाकीट जात नसेल तेव्हा त्याच वाटेने दुसऱ्याचे जाते. वाट कोणाच्याही मालकीची राहत नाही आणि म्हणून ती सर्वांना स्वस्त पडते.

दुसरे तत्त्व पत्त्याचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना संस्कृतचे व्यासंगी आणि दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. सहा आकड्यांतील पहिला आकडा विभाग सांगतो, पुढचे दोन त्यातील उपविभाग आणि जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. कोलकात्यात पत्रे छाटणाऱ्या कर्मचाऱ्याला गुहागर कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिले आकडे पाहून पत्र पश्चिमेकडच्या पिशवीत टाकले की त्याचे काम संपले. संगणकांच्या जाळ्यातील राऊटर नेमके हेच करतो. तो पत्त्याचा आरंभीचा भाग पाहतो आणि पाकीट पुढच्या ठाण्याकडे ढकलतो. साऱ्या जगाचा नकाशा कोणापाशीही नसतो आणि तरीही पत्र पोहोचते.

माणसाला मात्र आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावावरून आकडी पत्ता सांगणारी एक जगद्व्यापी सूची लागते. तिची आजची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. आमच्या प्रयोगशाळेत अडले होते ते या सूचीपाशी. असे थोरामोठ्यांचेही होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास नाहीसे झाले. यंत्रे कोठे जळाली नव्हती. दुरुस्तीच्या कामात दिल्या गेलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे त्या कंपनीच्या जाळ्याकडे जाणाऱ्या वाटांची माहितीच जगाच्या राऊटरांतून पुसली गेली. घर जागेवर होते. घराकडे जाणारा रस्ता कोणाला ठाऊक नव्हता.

तिसरे तत्त्व पोचपावतीचे. हे जाळे कोणतेही वचन देत नाही. पाकीट हरवेल, उशिरा येईल, मागचे पुढे पोहोचेल. मग बँकेचा व्यवहार त्यावर विसंबतो कसा? १९७४ साली व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातील उत्तर असे की विश्वासार्हता वाटेत शोधू नये, ती दोन टोकांनी सांभाळावी. पाठविणाऱ्याने पाकिटांना क्रमांक द्यावेत, घेणाऱ्याने पोचपावती पाठवावी, पावती वेळेत न आल्यास तेच पाकीट पुन्हा पाठवावे. रजिस्टर पत्राची पोचपावती जपून ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज पडू नये. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे या पद्धतीवर आले आणि आजचे इंटरनेट तीवरच चालते.

चौथे तत्त्व एकमताचे. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या देशांतील यंत्रे परस्परांशी बोलतात ती काही संकेत सर्वांनी मान्य केले म्हणून. त्या संकेतांना रूढ भाषेत प्रोटोकॉल म्हणतात. त्यांच्या लेखी परंपरेचा पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा आहे आणि तो स्टीव्ह क्रॉकर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लिहिला. त्याने त्यास 'अभिप्रायासाठी विनंती' अशा अर्थाचे नम्र नाव दिले. हुकूम देण्याचा अधिकार आपल्यापाशी नाही, याची त्या विद्यार्थ्यांना जाणीव होती. आज त्या मालिकेतील कागदांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली आहे, नाव तेच आहे आणि ते सर्व कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्याकडेही आरंभ शिक्षणसंस्थांतूनच झाला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामधील ई-पत्रांची ये-जा ही त्यातील अगदी सुरुवातीची. सर्वसामान्य नागरिकाला विदेश संचार निगमाने इंटरनेटची दारे उघडली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विद्यार्थी आणि अध्यापक यांनी घडविलेली ही वस्तू आज विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांनाच अनाकलनीय वाटावी, हे दुर्दैव आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात

हा विषय तांत्रिक आहे, त्याच्याशी आमचा काय संबंध, असे माझे सहव्यवसायी विचारतील. मीही तसेच विचारीत असे. त्यांना ऑक्टोबर १९८६ मधील एका घटनेचे उदाहरण देतो.

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात सुमारे ४०० यार्डांचे अंतर. त्यांना जोडणाऱ्या वाटेचा वेग एके दिवशी सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. म्हणजे आठशेपट घट झाली. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडले नव्हते. गर्दी झाली, पाकिटे गळू लागली, पोचपावत्या येईनात, म्हणून प्रत्येकाने तीच पाकिटे पुन्हा पाठविली, त्यामुळे गर्दी आणखी वाढली. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणाने वागत होता आणि सर्वांचे मिळून वाटोळे होत होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा अनोळखी नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाची जी शोकांतिका सांगितली, तीच ही. कुरणाच्या बाबतीत पाठ्यपुस्तके साधारणतः दोनच उपाय सांगत आली: सरकारी नियंत्रण अथवा खाजगी मालकी. इंटरनेटवर दोन्ही झाले नाही. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला उपाय असा होता की प्रत्येक संगणकाने आरंभ सावकाश करावा, पावत्या वेळेवर येत असतील तोवर वेग थोडा थोडा वाढवावा आणि पाकीट हरवल्याचे दिसताच तो एकदम निम्मा करावा. वाटेवर पोलीस नाही, दंड नाही. टोकाच्या यंत्रांनी पाळलेला संयम आहे. त्यानंतर अनेक सुधारणा झाल्या, तरी गर्दी दिसताच माघार घेण्याचे ते तत्त्व आजही जाळ्याला तारून नेत आहे. समाज सामाईक साधनांचे नियम स्वतः करून पाळू शकतो हे दाखविल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विचारांना याहून चांगले उदाहरण आमच्या वर्गात क्वचितच मिळेल.

दुर्मिळतेचा धडाही येथे आहे. १९८१ साली ठरलेल्या रचनेत पत्ते सुमारे ४३० कोटीच होऊ शकत होते. आरंभीच्या काळात ते सढळ हाताने वाटले गेले; अमेरिकेतील एमआयटी या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठार रिकामे झाले. उशिरा आलेल्या देशांनी मग काय करावे? एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे दडवावीत. जुन्या वाड्याला दारावर पत्रपेटी एकच आणि आत वीस बिऱ्हाडे, तशी ही सोय. नवी, प्रचंड मोठी पत्तारचना तयार आहे. परंतु सर्वांनी एकाच वेळी स्थलांतर केल्याशिवाय पहिल्याला लाभ थोडा, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत राहिला. हे सारे अर्थशास्त्र आहे आणि आमच्या विद्यार्थ्याच्या खिशातील यंत्रात रोज घडत आहे.

सात थरांचे पाठांतर

आता अध्यापनपद्धतीविषयी. या विषयाचा आपल्याकडील नित्याचा आरंभ म्हणजे सात थरांचा तक्ता. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेले हे प्रारूप विचारांना शिस्त लावणारे आहे, यात शंका नाही. परंतु इंटरनेट त्याआधीच निराळ्या, अधिक सुटसुटीत रचनेवर उभे राहिले होते. विद्यार्थी मात्र सात नावे खालून वर आणि वरून खाली पाठ करतो, प्रत्येकासमोर दोन ओळी लिहितो आणि गुण मिळवितो. थर कशासाठी, हा प्रश्न त्याला पडत नाही. वास्तविक टपालाची पिशवी वाहणाऱ्या आगगाडीने पत्र वाचायचे नसते आणि पत्र लिहिणाऱ्याने गाडीचे वेळापत्रक जाणायचे नसते. त्यामुळे गाडी जाऊन विमान आले तरी पत्राचा मजकूर बदलावा लागत नाही. थरांचे मर्म एवढेच. हे एकदा उमगले की थर चार म्हणावेत की पाच की सात, हा वाद गौण ठरतो.

मागच्या बाकावरून माझ्या लक्षात आले ते असे की मुलांचे डोळे तक्त्याने उघडत नाहीत, मोजमापाने उघडतात. एकदा सहकाऱ्यांनी फळ्यावर गणित घातले. मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. तर जाऊन येण्यास कमीत कमी वेळ किती? उत्तर ७२ सहस्रांश सेकंद. मग प्रत्यक्ष मोजले. वेळ बराच अधिक निघाला. का? समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, वाटेत थांबे आहेत, थांब्यांवर रांगा आहेत. एवढ्या एका तासात मुलांना कळले की 'शंभर एमबीपीएस'चे कनेक्शन म्हणजे वाटेची रुंदी. ती वाढविल्याने लंडन जवळ येत नाही. त्याच ओघात, जाहिरातीतील मेगाबिट आणि फाइलच्या आकारातील मेगाबाइट यांत आठपट अंतर आहे, हेही कळले. दरमहा पैसे मोजणाऱ्या किती घरांना ही गोष्ट ठाऊक असेल?

पिंग, ट्रेसरूट, वायरशार्क ही साधने विनामूल्य आहेत. पहिले समोरचे यंत्र उत्तर देते का ते सांगते, दुसरे वाटेतील थांबे दाखविते, तिसरे आपल्याच यंत्रातून जाणारी पाकिटे उघडून दाखविते. परीक्षेत सात थरांची नावे विचारण्याऐवजी एक मुद्दाम बिघडविलेली जोडणी समोर ठेवावी आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते पुराव्यानिशी लिहिण्यास सांगावे. असा प्रश्न पाठ करून सुटत नाही.

काही आक्षेप

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. मोटार चालविणाऱ्याला इंजिन उघडता आले पाहिजे असा आग्रह आपण धरीत नाही, मग हाच आग्रह का? आक्षेप योग्य आहे. परंतु पेट्रोल संपले आहे, चाक पंक्चर झाले आहे की पुढे रस्ता बंद आहे, एवढे चालकाला ओळखता यावे, अशी अपेक्षा आपण करतोच. मी मागतो ते याहून अधिक नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि शिक्षकांचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये विद्यार्थ्याला अन्य शाखेतील विषय घेण्याची सोय झाली आहे. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे सुमारे तीस तास. वर सांगितलेल्या चार तत्त्वांना आणि हाताने करावयाच्या प्रयोगांना ते पुरतात. संगणकशास्त्राच्या अध्यापकांवर कामाचा बोजा आधीच मोठा आहे आणि अनेक ठिकाणी ते तासिका तत्त्वावर राबत आहेत, ही अडचण खरी आहे. ती दूर न करता नवा विषय त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा अध्यापक एक सत्र मागच्या बाकावर बसण्यास तयार झाला, तर काही तास तोही घेऊ शकेल. भाषेची सबबही टिकण्यासारखी नाही. पाकीट, पत्ता, पोचपावती, गर्दी, संयम या शब्दांत हा विषय शिकविता येतो, हे या लेखापुरते तरी दिसले असेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा ज्ञानाने नोकरी लागते का? एका अभ्यासक्रमाने कोणालाही नोकरी लागत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्या संस्थांपासून विद्यार्थ्यांनी सावध राहावे. परंतु नोकरीखेरीज नागरिकत्व नावाचीही एक गोष्ट आहे. काही निवडक संकेतस्थळे फुकट द्यावीत आणि बाकीच्यांना पैसे पडावेत, असा प्रस्ताव काही वर्षांपूर्वी आपल्यासमोर आला, तेव्हा लक्षावधी लोकांनी बाजूने वा विरोधात मते पाठविली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगळे दर लावण्यास मनाई केली. मत पाठविणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक होते की पाकीट वाहणाऱ्याने आतला मजकूर न पाहणे हे या जाळ्याच्या मूळ रचनेशी किती जुळणारे आहे? पुढे १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, इंटरनेटद्वारे अभिव्यक्ती आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे आणि अनिश्चित काळासाठी बंदी घालता येणार नाही, असे सांगितले. जे बंद केले जाते ते काय आहे, ते कोठे बंद करता येते आणि त्यासोबत आणखी काय काय बंद पडते, हे ज्याला कळत नाही तो नागरिक अशा निर्णयाची चर्चा तरी कशी करणार?

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. मूलतत्त्वे जाणल्याने तालुक्याच्या गावी तुटलेली केबल जोडली जात नाही आणि खरोखरच बंद पडलेला सर्व्हर चालू होत नाही. त्यासाठी पैसा लागतो, माणसे लागतात आणि जबाबदारी निश्चित करावी लागते. परंतु जबाबदारी निश्चित करण्यासाठीच बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठाऊक हवे. ते ठाऊक नसले की दोष नेहमी दूरच्या, अदृश्य सर्व्हरवर ढकलता येतो आणि जवळचा माणूस मोकळा राहतो. आमच्या महाविद्यालयात त्या दिवशी हेच झाले.

पहिला संदेश

या जाळ्याचा इतिहासच मुळी एका बिघाडाने सुरू झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने शेकडो किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द पाठविण्यास घेतला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. सर्व्हर डाऊन! पण दोन्ही टोकांची माणसे टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होती. कोणते अक्षर पोहोचले, कोठे थांबले, हे ती एकेक करून विचारीत होती. सुमारे तासाभरात दोष दूर झाला आणि संपूर्ण शब्द पोहोचला.

आपल्या महाविद्यालयांनी येत्या शैक्षणिक वर्षाच्या ऐच्छिक विषयांच्या यादीत तीस तासांचा हा एक विषय घालावा आणि त्याचा पहिला वर्ग, शक्य असल्यास, कार्यालयातील कर्मचारी आणि आम्हा प्राध्यापकांसाठी भरवावा, एवढीच सूचना. खिडकीपलीकडच्या पदवीधराने 'सर्व्हर डाऊन आहे' असे म्हणण्याऐवजी 'आमच्या जोडणीत बिघाड दिसतो, तोवर तुमच्या मोबाइलवर अर्ज भरून पाहा' एवढे म्हटले, तरी कोणाच्या तरी वडिलांचा एक रोज वाचेल.